मोल्दोवातली थंडी, जळण आणि यादी

कुंडलिकाकाठ (धागाकर्ती)

परदेशातल्या गरीब गावांना चर्चवाले हिवाळ्यात मदत नेतात म्हणजे नेमकं करतात काय, असं मागे गप्पांच्या पानावर कुणीतरी विचारलं होतं. तिथं चार ओळींत मावेना म्हणून हा धागा. आधीच सांगते, मी ख्रिस्ती आहे, मूळची जालन्याची, स्कॉटलंडमध्ये नर्स आहे आणि इथल्या मंडळीबरोबर, म्हणजे चर्चच्या सभासदांबरोबर, मोल्दोवाला जाऊन आले आहे. यातल्या एखाद्या गोष्टीनं कुणाला ठसका लागणार असेल तर पाण्याचा तांब्या जवळ ठेवून वाचावं.

मोल्दोवा म्हणजे रुमानिया आणि युक्रेनच्या बेचक्यातला देश, महाराष्ट्राच्या नवव्या हिश्श्याएवढा. १९९१ पर्यंत सोव्हिएत संघात होता. १९८९ च्या जनगणनेत तिथं ४३ लाखांच्या वर माणसं होती, २०२४ मध्ये साधारण २४ लाख भरली. (ट्रान्सनिस्ट्रिया ही पूर्वेकडची पट्टी १९९२ च्या लढाईपासून वेगळीच चालते, ती दुसऱ्या आकड्यात धरलेली नाही. तरी फरक केवढा ते बघा.) माणसं गेली इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करायला, रशियात बांधकामावर, जर्मनीत, ब्रिटनमध्ये. गावात राहिल्या आज्या आणि त्यांच्या गळ्यात पडलेली नातवंडं.

आम्ही गेलो तो २०२२-२३ चा हिवाळा. शेजारी युद्ध पेटलेलं, रशियाच्या गॅसचा भाव कित्येक पट चढलेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाईचा दर ३४ टक्क्यांच्याही वर गेला होता. नोव्हेंबरात युक्रेनच्या वीजयंत्रणेवर हल्ले झाले आणि त्याचा झटका बसून अर्धाअधिक मोल्दोवा अंधारात गेला, तोही एकदा नाही. खेड्यात गॅसचे पिवळे पाइप घरांच्या कुंपणावरून उघडेच गेलेले दिसतात. गॅस दारात आहे, पण नळ उघडायची कुणाची छाती नाही. मग लोक आजेसासऱ्याच्या वेळच्या मातीच्या शेगडीकडे परत वळले. ही शेगडी म्हणजे दोन खोल्यांच्या मधली जाडजूड भिंतच असते, आणि तिला जोडून झोपायचा कट्टा. चार खोल्यांचं घर असलं तरी हिवाळ्यात तीन बंद करून सगळे त्या कट्ट्याभोवती राहतात.

आता आमची तयारी. ब्रिटनमध्ये हे खूळ जुनं आहे. डिसेंबर १९८९ मध्ये रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूची सत्ता कोसळली, तिथल्या अनाथालयांची दृश्यं टीव्हीवर दिसली आणि इथून ट्रकांमागून ट्रक सुटले. वेल्समधल्या रेक्सहॅमहून १९९० मध्ये बुटांच्या खोक्यात भेटवस्तू भरून पाठवायला एका जोडप्यानं सुरुवात केली, ती पुढे एका अमेरिकन संस्थेनं उचलली आणि जगभर नेली. आमची मंडळी त्या संस्थेत नाही, पण खोकी आम्हीही भरतो. टोपी, हातमोजे, पायमोजे, टूथब्रश, वही, रंगीत पेन्सिली, एखादं खेळणं. चॉकलेट नको, पातळ पदार्थ नको, औषध नको, वापरलेलं काही नको, खेळण्यातली बंदूक तर अजिबात नको. आमच्याकडच्या म्हाताऱ्या ऑगस्टपासून टोप्या विणायला बसतात. त्यांच्याशी वाद घालायचा नाही हा मंडळीचा अलिखित नियम आहे.

खोकी आणि वापरलेले कोट घेऊन ट्रक डिसेंबरातच रस्त्यानं निघाला होता. आम्ही मागाहून विमानानं राजधानी किशिनाउला उतरून दक्षिणेकडे लेओवा जिल्ह्यात गेलो. प्रुत नदीच्या अलीकडची गावं, नदीपलीकडे रुमानिया, म्हणजे युरोपियन युनियन. सगळ्यांनी बर्फाचे बूट घेतले होते. बर्फ कसला! त्या वर्षी जानेवारीची सुरुवात उबदार गेली आणि गावभर नुसता चिखल. तिथली जमीन काळी आहे, आणि तिचा चिखल आपल्या मराठवाड्यातल्या जुलैसारखा, पाय टाकला की बूट तिथंच आणि पाय वर. व्हॅन रुतली ती ट्रॅक्टरवाल्यानं ओढून काढली. मात्र अशी ओली थंडी सुक्या बर्फापेक्षा वाईट. भिंती आतून भिजतात, अंथरूण ओलसर लागतं, म्हाताऱ्यांच्या छाती भरतात. नर्स म्हणून मला कोटांपेक्षा भिंतींची काळजी वाटली.

आणि इथंच मुद्दा येतो. लोकांना हवं होतं जळण.

मोल्दोवात जंगल जेमतेम ११-१२ टक्के. लाकूड महाग. ज्याला परवडत नाही तो मक्याची ताटं, बुरकुंडं, सूर्यफुलाची धांडं, द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या जाळतो. भराभर पेटतात आणि भराभर विझतात, शेगडीची भिंत तापेपर्यंत संपूनही जातात. आमच्या मंडळीनं दान म्हणून जे पैसे गोळा केले होते त्यातून तिथंच लाकूड विकत घेतलं. लाकूड तिथं 'स्टेर'वर मिळतं, म्हणजे एक मीटर लांब, रुंद, उंच रचलेला ढीग. एका खोलीत राहणाऱ्या म्हातारीलाही हिवाळ्याला चार-पाच स्टेर सहज लागतात.

लाकूड कुणाच्या दारात टाकायचं याची यादी आम्ही केली नाही, आम्हाला करूच दिली नाही. ती केली तिथल्या छोट्या बाप्टिस्ट (प्रॉटेस्टंटांतला एक पंथ) मंडळीच्या पाळकांनी, सरपंच कार्यालयातल्या समाजसेविकेनं आणि गावच्या नर्सबाईनं. गाव जवळजवळ सगळं ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्व युरोपातल्या जुन्या चर्चचं. तिथले पाद्री बाप्टिस्टांकडे पंथवाले म्हणून नाक मुरडून बघतात, त्यामुळे ते यादीच्या बैठकीला आले नाहीत. पण त्यांच्या देवळात मेणबत्त्या विकणारी बाई संध्याकाळी हळूच येऊन तीन नावं सांगून गेली.

यादीवरचं भांडण मी ऐकलं. पाळकांच्या स्वयंपाकघरात, चीज भरलेल्या गरम प्लाचिंता खात. दुभाषी मुलगी दमून गेली इतकं ते चाललं. एका घराला प्लास्टिकच्या नव्या खिडक्या आणि छपरावर डिश. आमच्यातल्या कुणीही ते घर पहिल्या फटक्यात वगळलं असतं. समाजसेविका म्हणाली, खिडक्या मुलानं इटलीतून पैसे पाठवले तेव्हाच्या, आता मुलाचा पत्ता नाही आणि बाई डिसेंबरपासून शेगडी दिवसाआड पेटवते. दुसरा एक माणूस दारुडा. पाळक म्हणाले, याला लाकूड दिलं तर विकून पिईल. नर्सबाई म्हणाली, पिईना का, घरात दोन पोरं आहेत, लाकूड शेजारणीच्या अंगणात उतरवा, ती रोज मोजून देईल. आणि तसंच ठरलं. हे आम्हा स्कॉटलंडहून आलेल्यांना वर्षभर बसवून ठेवलं असतं तरी सुचलं नसतं.

प्लास्टिकच्या खिडक्यांच्या घरी आम्ही गेलो. बाईंनी आम्हाला शेगडीच्या खोलीत बसू दिलं नाही. 'कासा मारे'त नेलं, म्हणजे पाहुण्यांसाठी राखलेली मोठी खोली, भिंतींवर गालिचे, कोपऱ्यात लेकीसाठी जमवलेल्या रुखवतासारखी उशा-चादरींची चळत. त्या खोलीत शेगडी कधी पेटत नाही. आम्ही कोट घालून कुडकुडत बसलो आणि सकाळी दहाला त्यांनी घरची वाइन ओतली. बाप्टिस्ट पाळक दारूला शिवत नाहीत, त्यांच्यासाठी वाळवलेल्या फळांचं सरबत. आमच्या प्रेस्बिटेरियन (हाही प्रॉटेस्टंटांतलाच पंथ) मंडळींनी पाळकांकडे न बघता पेले रिकामे केले.

माझं मत विचाराल तर खोकी, कोट, टोप्या यांनी पोरं खूश होतात आणि विणणाऱ्या म्हाताऱ्या त्याहून खूश होतात. होऊ देत. पण मदत चांगली की वाया, हे त्या स्वयंपाकघरातल्या यादीवर ठरतं. यादी करणारी माणसं गावात बाराही महिने राहणारी असली पाहिजेत, एकापेक्षा जास्त असली पाहिजेत, आणि त्यांचं आपसात फार पटत नसलं तर उत्तमच.

प्रश्न असतील तर विचारा.

निळी_छत्री

मस्त लिहिलंय, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. दारुड्याचं लाकूड शेजारणीकडे उतरवलं हे वाचून आमच्या गल्लीतली एक मावशी आठवली, तिच्याकडे अर्ध्या वस्तीचे पगार ठेवायला असत.

एक शंका. मुलांना खोकी देताना फोटो काढता का? मला ते फोटो बघवत नाहीत. कोट घातलेला गोरा माणूस आणि हातात खोकं धरून कसनुसं हसणारं पोर.

तर्कट

लेख चांगला, शैली गोड. आता कडू प्रश्न.

१) इतक्या लोकांच्या विमानाच्या तिकिटांत किती लाकूड आलं असतं?
२) खोक्यात बायबलच्या गोष्टींची पुस्तिका असते की नाही?
३) गरज म्हणजे थंडी. थंडीत उबेबरोबर देव देणं याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला जालन्याच्या असल्यानं माहीत असणारच.

तिसऱ्या प्रश्नाचा राग मानू नका, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

कुंडलिकाकाठ

@निळी_छत्री, फोटो काढायला तिथल्या पाळकांनीच मनाई केली. गाव लहान आहे, उद्या तो फोटो पोराच्या वर्गातल्या कुणीतरी फोनवर बघणार. आम्ही काढले ते लाकडाच्या ढिगाचे, चिखलाचे आणि रुतलेल्या व्हॅनचे. मंडळीत ते दाखवल्यावर एकजण म्हणाले, माणसं कुठायत? त्यांना म्हटलं, माणसं शेगडीजवळ आहेत.

@तर्कट, राग नाही. क्रमानं घेते.

तिकिटं आम्ही आपापल्या खिशातून काढली, दानाच्या पैशाला हात लावला नाही. तरी तुमचा हिशेब चुकीचा नाही. त्या पैशात पुष्कळ लाकूड आलं असतं. जाण्याचा उपयोग एकच सांगता येईल. परत येऊन आम्ही मंडळीच्या सभेत उभं राहून म्हणू शकलो की पुढच्या वर्षी खोकी कमी आणि लाकडाला पैसे जास्त. न जाता म्हटलं असतं तर टोप्या विणणाऱ्या बायकांनी आम्हाला सुईवर घेतलं असतं.

पुस्तिका आमच्या खोक्यात नव्हती. काही मोठ्या संस्था देतात, नंतर मुलांसाठी धडेही घेतात. त्यावरून ब्रिटनमधल्या काही शाळांनी खोकी पाठवणं बंद केलं होतं. मला विचाराल तर शाळांचं बरोबर होतं.

तिसरं. जालन्याच्या आसपास स्कॉटिश मिशनचं काम निजामाच्या राज्यातलं. रेव्हरंड नारायण शेषाद्री, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण, त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. त्या कामाला पैसे यायचे ते स्कॉटलंडमधल्या मंडळ्यांच्या दानाच्या थाळीतून. म्हणजे मी आज ज्या थाळीत नोट टाकते तिच्याच पणजीतून. १८९९-१९०० च्या दुष्काळात आमच्या घरी मिशनची ज्वारी आली. आधी ज्वारी आली की आधी बाप्तिस्मा झाला, ते आज घरात कुणाला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनी सांगितलं नाही. तुम्ही जो शब्द मनात धरला आहे तो मी शाळेत ऐकलेला आहे. त्यामुळे मोल्दोवात गेल्यावर माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते यादीकडे, की यादीत बाप्टिस्ट किती आणि बाकीचे किती. बाकीचेच जास्त होते. मी मोजलं, आणि पाळकांना ते कळलंही.

वारणेकाठ

ताई, यादीचं लिवलंय ते एक नंबर.

२०१९ च्या पुरात आमच्याकडं सांगली-कोल्हापूर पट्ट्यात मदतीचा महापूर आला. गाड्याच्या गाड्या. बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या आणि जुनी कापडं. कापडं बघाल तर फाटक्या साड्या, बिनबटनाचे शर्ट, लग्नातला एक कोट. शाळेच्या व्हरांड्यात ढीग लागला, पावसात भिजला, वास सुटला, शेवटी ग्रामपंचायतीनंच उचलून टाकला. हायवेजवळच्या गावांना तीन-तीनदा किट, आणि आतल्या वाडीला काहीच नाही, कारण गाडीवाल्याला आत शिरायची भीती. ज्याच्या घराला रस्ता, त्याला मदत.

पंचनाम्याची यादी आली तेव्हा तर विचारू नका. तलाठी एकटा, त्याच्याभोवती पन्नास माणसं. भाडेकरूचं घर बुडालं तर नाव घरमालकाचं. त्या तुमच्या नर्सबाईसारखी एक बाई आमच्याकडं असती तर बरं झालं असतं. आशाताई होत्या, त्यांना सगळं माहीत होतं. पण त्यांना विचारलं कुणी?

रब्बी_हंगाम

अवांतर विचारतो. काळी जमीन म्हणता ती आपल्यासारखी भेगाळते का? पिकं कोणती? आणि एवढी चांगली जमीन असून गरिबी कशी?

कुंडलिकाकाठ

@रब्बी_हंगाम, अवांतर कसलं, हेच तर मुख्य. आपली काळी जमीन बेसाल्टची आणि चिकण, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिथली चेर्नोझेम, गवताळ प्रदेशात हजारो वर्षं गवत कुजून झालेली, भुसभुशीत आणि सेंद्रिय द्रव्यानं भरलेली. पिकं गहू, मका, सूर्यफूल, द्राक्ष, अक्रोड. सोव्हिएत काळात सामुदायिक शेतीत सगळी जमीन एकत्र होती. नव्वदीत तिचे तुकडे करून गावकऱ्यांना वाटले. म्हातारीकडे तुकडा आहे, पण कसणार कोण? ती तो मोठ्या शेतकऱ्याला खंडानं देते आणि बदल्यात काही पोती धान्य आणि तेल मिळतं. पेन्शन आणि ते तेल, यावर घर चालतं.

आणि सुपीक जमिनीवरही माणसं उपाशी मरतात. १९४६-४७ मध्ये तिथं मोठा दुष्काळ पडला. पाऊस नव्हता हे खरं, पण सरकारनं लेव्हीचं धान्य वसूल करणं थांबवलं नाही. लाखाच्या वर माणसं गेली. त्यानंतर दोन वर्षांनी, जुलै १९४९ मध्ये, 'धनिक शेतकरी' ठरवलेल्या कुटुंबांना रातोरात गाड्यांत भरून सायबेरिया-कझाकस्तानकडे पाठवलं, सुमारे ३५ हजार माणसं. तीसुद्धा यादी करूनच. त्यामुळे दारात कुणी वही घेऊन उभं राहिलं की तिथल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांचा चेहरा बदलतो. समाजसेविका घरोघर जाताना वही पिशवीत ठेवते, आधी बसते, कोंबड्यांची चौकशी करते, नावं बाहेर येऊन लिहिते.

हॅम्बुर्गी

ट्रकच्या बाजूनं थोडी भर घालतो, मालवाहतुकीत काम करतो.

ब्रिटन युरोपियन युनियनच्या सीमाशुल्क व्यवस्थेतून २०२० अखेर बाहेर पडल्यापासून या मदतीच्या ट्रकांचं कागदकाम दुप्पट झालंय. आता माल ब्रिटनमधून निर्यात, युनियनमधून संक्रमण आणि मोल्दोवात आयात, असा तीन पायऱ्यांनी जातो. प्रत्येक ठिकाणी मालाची यादी हवी. (इथंही यादीच!) 'मिश्र भेटवस्तू, खोकी' असं लिहिलं की सीमेवरचा अधिकारी डोळे बारीक करतो. खोक्यात बंदूक नको, पातळ नको, हे नियम धार्मिक किंवा नैतिक वाटतात, पण निम्मे सीमेसाठी असतात. एक खोकं फोडून त्यात नियमाबाहेरचं काही सापडलं की पुढची सगळी फोडून बघतात आणि ट्रक थंडीत दोन दिवस उभा.

व्यवहारी सल्ला द्यायचा तर अवजड आणि स्वस्त माल कधीही हजारो किलोमीटर न्यायचा नाही. पीठ, तेल, लाकूड, गाद्या, सगळं तिथं मिळतं. न्यायचंच तर तिथं न मिळणारं किंवा फार महाग असलेलं न्या. चाकाच्या खुर्च्या, इस्पितळातले खाटा-पलंग. आमच्या भागातून अशा खाटांचे ट्रक पूर्वेकडे जाताना मी पाहिले आहेत, आणि तिकडे त्यांची वाट बघणारं खरं गिऱ्हाईक असतं.

कुंडलिकाकाठ

@हॅम्बुर्गी, खाटांचं अगदी पटलं. आमच्या ट्रकमध्ये चाकाच्या खुर्च्या आणि वॉकर होते, आणि यादीवर खरी मारामारी त्यांच्यावरूनच झाली. कागदांचं म्हणाल तर वापरलेले कपडे निर्जंतुक केल्याचा दाखला आमच्याकडे मागितला होता. शिवाय तिथल्या बाजारात युरोपातून आलेल्या जुन्या कपड्यांची दुकानं जागोजागी आहेत. म्हणजे आम्ही फुकट वाटणार तेच शेजारची बाई विकून पोट भरते. कोट आणू नका, हे आम्हाला तिथं कुणी तोंडावर म्हटलं नाही. पाळकांच्या बायकोनं फक्त तिच्या चुलतबहिणीचं दुकान दाखवलं.

वसईची_केळी

आमच्याकडे वसईत पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीत) सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं काम चालतं, ते आठवलं. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विद्यार्थ्यानं मित्रांसोबत सुरू केलेली. तिची पद्धत म्हणजे घरी जायचं, दोघं मिळून जायचं, आणि कोणाकडे गेलो ते बाहेर बोलायचं नाही. माझे बाबा वर्षानुवर्षं जायचे. कोणाकडे जात होते ते आईलाही माहीत नव्हतं. बाबा गेल्यावर मयताला काही माणसं आली, ती कोण हे आम्हाला कळेना.

दोघांनी जायची प्रथा मला फार शहाणपणाची वाटते. एकट्याला लळा लागतो किंवा चीड येते. दोघं असले की परतताना वाटेत भांडण होतं आणि त्यातून बरोबर काय ते निघतं. म्हणजे धागाकर्ती म्हणतायत तेच.

जुनाट

आपल्या देशात गरिबी संपली काय? मेळघाटात जा की. गोऱ्यांची सेवा कशाला.

निळी_छत्री

@जुनाट, त्या स्कॉटलंडला राहतात. मेळघाटात तुम्ही जा, आणि आल्यावर धागा काढा. मी पहिला प्रतिसाद देईन.

तर्कट

धागाकर्तीनं उत्तरं सरळ दिली, मानलं. ज्वारीचं वाक्य तर मी दोनदा वाचलं.

तरी एक शिल्लक आहे. मोल्दोवा मुळात ख्रिस्ती देश. तिथं धर्मांतर व्हायचं ते ऑर्थोडॉक्सचा बाप्टिस्ट, एवढंच. पण तेही धर्मांतरच ना? लाकूड टाकायला बाप्टिस्ट पाळक आले, त्यांच्यामागे परदेशी पाहुणे, गाडी. म्हातारी पुढच्या रविवारी कुठल्या देवळात जाईल? तुम्ही पुस्तिका नाही टाकली, पण लाकडावर नाव लिहिलेलंच आहे.

कुंडलिकाकाठ

@तर्कट, हा प्रश्न बरोबर आहे आणि तो पाळकांना तिथंच विचारला गेला. विचारला त्या नर्सबाईनं. ती पक्की ऑर्थोडॉक्स. तिचं म्हणणं पडलं की लाकूड सरपंच कार्यालयाच्या ट्रॅक्टरनं जाऊ दे, पाळकांनी बरोबर जायचं नाही. पाळकांना ते लागलं. त्यांचं म्हणणं, सोव्हिएत काळात आम्ही प्रार्थनेसाठी दंड भरले, नोकऱ्या गमावल्या, तेव्हा गावात कुणी विचारलं नाही, आणि आता दारात लाकूड टाकायलाही तोंड लपवून जायचं? दोघांच्या बोलण्यात तथ्य होतं. शेवटी ट्रॅक्टर सरपंच कार्यालयाचा, आणि पाळक त्यांच्या मंडळीतल्या पोरांसोबत लाकूड उतरवायला. परदेशी पाहुण्यांनी ट्रॅक्टरवर बसायचं नाही असंही ठरलं, म्हणून आम्ही चिखलातून चालत गेलो.

म्हातारी रविवारी कुठं गेली ते सांगते, आपल्याच देवळात. सात जानेवारीला त्यांचा जुन्या पंचांगाचा नाताळ होता. (तिथं पंचवीस डिसेंबर आणि सात जानेवारी, दोन्हीला सरकारी सुट्टी असते. गंमत म्हणजे बरीच घरं दोन्ही साजरे करतात.) नाताळची गाणी म्हणत पोरं घरोघर फिरली आणि बाप्टिस्टांच्या घरीही आली. पाळकांच्या बायकोनं त्यांना अक्रोड आणि वेणीसारखा गुंफलेला गोड पाव दिला.

वारणेकाठ

@तर्कट, आमच्याकडं पुरात किटच्या पिशवीवर आमदाराचा फोटो होता. त्याच्यापेक्षा हे बरं म्हणायचं.

तर्कट

@वारणेकाठ, पिशवीवरच्या फोटोचा मुद्दा मान्य. नर्सबाईंना माझा नमस्कार कळवा.

व्यवस्थापक

धर्मांतरावर सर्वसाधारण चर्चा करायची असेल तर स्वतंत्र धागा काढावा. या धाग्यावरचे दोन प्रतिसाद काढले आहेत.

नवखी

वाचतेय, फार आवडलं. मी सध्या शिकायला रुमानियात यासीला आहे, सीमा इथून जवळ आहे. हिवाळ्यात काही करता येईल का? पैसे फार नाहीत, पण सुट्टीत वेळ आहे. लाकूड फोडायला जमेल असं वाटतंय.

कुंडलिकाकाठ

@नवखी, जमेल असं वाटणं वेगळं. अकेशियाचं लाकूड आणि ओलं असलं तर कुऱ्हाड उलटी उडते. आमच्यातल्या दोन तगड्या गड्यांचा पहिल्याच सकाळी दम निघाला. फोडणारी मुलं गावातलीच असू देत, त्यांना त्याची मजुरी द्यायची असते आणि ती त्यांना हवी असते. आम्ही ढीग रचायला मदत केली. तेही काम आहे, साल वर ठेवून रचायचं असतं म्हणजे पावसाचं पाणी आत मुरत नाही.

तुझा उपयोग दुसरीकडे जास्त. तुला रुमानियन येत असेल तर तीच खरी गोष्ट. मोल्दोवाची भाषाही तीच आहे, बोलीचा फरक आहे. यासीत शिकणारी मोल्दोवन मुलं पुष्कळ असतील. त्यांच्यातल्या कुणाच्या गावी सुट्टीत आजीकडे जा, आणि तिथल्या समाजसेविकेला भेटून विचार, की कोणत्या कागदासाठी माणूस हवा आहे. २०२२ मध्ये ऊर्जाबिलाच्या सवलतीसाठी सरकारनं नोंदणी संगणकावर करून घेतली, आणि ज्या म्हाताऱ्यांना तिची सगळ्यात गरज होती त्यांच्याकडे ना संगणक ना फोन. शेजारची पोरं बसून अर्ज भरायची. असं काम दरवर्षी निघतं. जाशील तर जाडे मोजे ने, घरात शिरताना बूट दारातच काढायचे असतात आणि फरशी फार गार असते.